जर्मन सरांचं हिंगणघाट

मी हिंगणघाटची आहे हे कळल्यावर सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "तुमच्याकडे सोन्याच्या कळसाचं देऊळ आहे का? अजगर राखण करतो त्याची?" मी म्हटलं, "नाही सर. कापसाचा बाजार आहे." वर्गातल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. सर हसले नाहीत. "असू दे," म्हणाले, "विचारून ठेवलेलं बरं."

वर्ध्याला स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली होती. तिथे ते जर्मन शिकवायचे. आम्ही सगळ्या नर्सिंग झालेल्या किंवा होत असलेल्या पोरी. तिकडे नर्स लागतात, पगार बरा असतो, फक्त भाषा आली पाहिजे, एवढंच आम्हाला कोणीतरी सांगितलेलं. अख्ख्या जिल्ह्यात जर्मन येणारा माणूस हा एकच, त्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता. सर नाचणगावहून पुलगावपर्यंत सायकलने यायचे आणि पुढे बसने. मे महिन्यात, वर्ध्याचं ऊन डोक्यात शिरत असताना, हा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून त्यावर जाड लोकरीची हिरवट हॅट घालायचा. बसमधले लोक बघत राहायचे. कंडक्टर तिकीट देताना "बसा, साहेब" म्हणायचा आणि पुढे जाऊन हसायचा. सरांना सगळं दिसायचं. हॅट मात्र उतरायची नाही.

शिकवायचे काय, तर एका लेखकाच्या कादंबऱ्या. पाठ्यपुस्तक त्यांना मान्यच नव्हतं. "स्टेशन कुठे आहे, कॉफी किती रुपयांना, ही काय भाषा झाली?" असं म्हणून ते पिवळ्या पडलेल्या, जुन्या काटेरी अक्षरात छापलेल्या पुस्तकातून फळ्यावर वाक्य लिहायचे. तीन महिन्यांत मला 'मगरीने दोर तोडला', 'हे नराधमा, तुझी घटका भरली' आणि 'माझ्या घोड्याला पाणी दाखवा' ही वाक्यं बिनचूक येत होती. 'कुठे दुखतं?' येत नव्हतं. पुण्याला परीक्षेला गेले तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, इथे कशा आलात? मी सांगितलं की ईश्वरकृपेने, वाटेत कुठलंही विघ्न न येता, मी या नगरीच्या वेशीपाशी पोचले. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि मला नापास केलं. मी येऊन सरांना सांगितलं तर म्हणाले, "त्या बाईंना भाषा येत नसावी." वर्गातली माझी एक मैत्रीण मोबाइलवरून शिकली, पास झाली आणि गेली. मी राहिले ती इथेच, सिंदी मेघेत घर आणि वर्ध्यात नोकरी. सरांचा रागही आला होता मला, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्याकडे जाणं सुटलं नाही. त्या पुस्तकांत पुढे काय होतं ते मला कळायला हवं होतं.

तो लेखक म्हणजे जर्मनीतल्या एका लहानशा गिरणीगावातला, रेल्वेच्या मालधक्क्यावरचा कारकून. आयुष्यात समुद्रसुद्धा पाहिला नव्हता त्याने. धक्क्यावर रुईच्या गाठी उतरायच्या. गाठींवरच्या गोणपाटावर शाईने कुठल्याकुठल्या गावांची नावं छापलेली असायची. एक दिवस एका गाठीवर त्याला 'हिंगणघाट' दिसलं. असं नाव असलेलं गाव घनदाट जंगलातच असणार, असं त्याने ठरवून टाकलं. गाठीला नाक लावून वास घेतला म्हणे त्याने, आणि घरी जाऊन लिहिलं की हिंदुस्थानचा वास असा असतो. वास ओल्या तागाचा होता. त्यावर त्याने कपाटभर कादंबऱ्या रचल्या. त्यात हिंगणघाटला सोन्याच्या कळसाचं देऊळ आहे, वणा नदीला धबधबा आहे, धबधब्याखाली होडीएवढ्या मगरी आहेत आणि आमच्याकडचे लोक सकाळ-संध्याकाळ सूर्याकडे बघून किंचाळतात.

बरीच वर्षं ही पुस्तकं खपली. मग दिवस फिरले, लढाई झाली, माणसं बदलली. एका नव्या प्रकाशकाने त्याच पुस्तकांना कात्री लावून लहान मुलांसाठी आवृत्ती काढली. हिंगणघाट काढून तिथे भलतंच काही घातलं आणि वर लेखकाचं नावही ठेवलं नाही. ते पुस्तक हातात पडल्यावर तो माणूस पुन्हा लिहायला बसला नाही. त्याची मुलगी म्हणायची, बाबा त्या दिवशीच गेले, आम्ही पुरलं तेवढं उशिरा.

या मुलीच्या घरी सर तरुणपणी भाड्याने राहिले होते. सर मुळात गिरणीतले फिटर. इथल्या एका गिरणीने तिकडची यंत्रं घेतली होती, ती उघडायला-जोडायला शिकायला म्हणून सरांना तिकडे पाठवलं. घरमालकीण म्हातारी, एकटी. तिने यांचे कागद बघताना विचारलं, तुमचं गाव कुठे? यांनी नकाशावर दाखवलं आणि सहज म्हणाले, जवळ हिंगणघाट आहे. म्हातारी खुर्चीतच बसली. तिला आयुष्यभर वाटत होतं की ते गाव बापाने मनाने रचलं. "असं गाव आहे? माणसं राहतात तिथे?" असं तिने परत परत विचारलं म्हणे, आणि रडली.

परत निघताना तिने ती सगळी पुस्तकं आणि बापाची हॅट सरांना दिली आणि शब्द घेतला. ज्या गावांबद्दल बाबांनी लिहिलं त्या गावांच्या भाषेत हे आणा, पण एक शब्द बदलू नका. एकदा त्यांना कापलंय, पुन्हा कापू नका. सरांनी मान हलवली. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, घरापासून लांब असलेला माणूस. म्हातारीने त्याला थंडीभर सूप पाजलं होतं. अशा वेळी माणूस कशालाही मान हलवतो. सरांचं वेगळेपण एवढंच की त्यांनी ती मान पुढे चाळीस वर्षं सरळ केली नाही.

गिरणी बंद पडली. बाकीचे फिटर कुठे नागपूरला, कुठे चंद्रपूरला गेले. सर घरी बसून भाषांतर करायला लागले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अंगणवाडीत नोकरी करून घर चालवलं आणि त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. काकूंचं भांडण वेगळंच होतं.

सरांची काम करायची एक रीत होती. कागदावर उतरवण्याआधी प्रकरण मोठ्याने सांगायचं. नाचणगावच्या बौद्धपुऱ्यात, विहाराशेजारी कडुनिंबाखाली, रविवारी दुपारनंतर ते पुस्तक मांडीवर उघडून बसायचे आणि जर्मनमधून थेट मराठीत बोलत जायचे. शेतावरून आलेली माणसं, शिक्षक, पंचायतीतला शिपाई, बायका, सगळे येऊन बसायचे. कुठे माणसं जांभई देतात, कुठे हातातली तंबाखू मळायची थांबतात, ते बघून मग घरी जाऊन वाक्य पक्कं करायचे. हिंगणघाटचा अजगर आला की हसून लोळायची माणसं. कोणी म्हणायचं, "सर, तो अजगर नसन बापा, अडत्या असन." सर शांतपणे म्हणायचे, "लेखकाने अजगर लिहिलं आहे." लेखकाची चूक आपण पोटात घालायची, पुस्तकातून काढायची नाही, हा त्यांचा नियम. सुट्टीच्या दिवशी बसने हिंगणघाटला, वणा नदीवर जायचे, गुडघाभर पाण्याकडे बघत उभे राहायचे आणि सोबत कोणी असलं तर सांगायचे, "इथे धबधबा पाहिजे."

पण त्या प्रत्येक कादंबरीत एक माणूस होता. गोऱ्या नायकाचा नोकर. सामान उचलायचा, वाट दाखवायचा, वाघाच्या तोंडी आधी जायचा आणि शेवटच्या प्रकरणात मालकासाठी मरायचा. एकूण एक पुस्तकात मरायचा. लेखकाने त्याला नाव दिलं नव्हतं, जातच दिली होती. शिवाशिवीतली जात. जर्मनमध्ये त्याला तेवढ्या एका शब्दाने हाक मारायचे. सरांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन ज्या गोष्टी मागे टाकल्या त्यात हा शब्दही होता. सरांनी तो मराठीत आणला नाही, बदललाही नाही. कागदावर तिथे दोन बोटं जागा कोरी सोडायचे. वाचताना ती जागा आली की गप्प व्हायचे, समोर बसलेल्यांकडे बघायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मी बदललं नाही. सोडलं." आयुष्यात त्या म्हातारीशी केलेली बेइमानी म्हणाल तर एवढीच.

हिंगणघाटची कादंबरी सगळ्यात मोठी. तिच्या शेवटी नदीला पूर आहे. नायकाला पलीकडे जायचंय. तो नोकर कमरेला दोर बांधून पाण्यात उभा राहतो, नायक दोर धरून पार होतो, तेवढ्यात मगर येते. नायक पलीकडच्या काठावरून एकदा मागे वळून बघतो, हॅट काढतो आणि पुढे जातो. संपलं. ज्या रविवारी हे प्रकरण झालं तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मला काकूंनीच सांगितलं. काकू पुढच्या ओळीत बसल्या होत्या. प्रकरण संपल्यावर त्यांनी विचारलं, "यालेही मारलं?"

सर म्हणाले, "लेखकानं मारलं."

"तो तं तिकडं मेला ना लेखक. इथं तुमी हाये. तुमी वाचवा त्याले."

"माह्या हातात नाई ते. शब्द देल्ला हाये."

"दरवेळी आपलाच माणूस काऊन मरते?" काकू म्हणाल्या. "त्याच्या घरी कोणी वाट पाहून राह्यलं असन ना." आणि पदर खोचून उठल्या. त्यानंतर कडुनिंबाखाली त्या कधी बसल्या नाहीत. हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. कोणी भांडलं नाही. माणसांना दुसरी कामं निघाली. सर पुस्तक मांडीवर घेऊन एकटेच बसायचे, कधी कोणी वाटसरू थांबला तर त्याला सांगायचे. घरी कोणी पुस्तकांचं बोलणं काढलं की काकू चहा ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. एरवी दोघांचं चांगलं होतं. बाजारात बरोबर जायचे, वांगी निवडताना भांडायचे. पण सर जिथे खरे राहत होते त्या खोलीत काकू पाऊल टाकत नव्हत्या. सरांना ते सलायचं. एकदा मला म्हणाले, "मला जग वाचत नाही याचं काही वाटत नाही. घरातलं एक माणूस ऐकत नाही."

मध्ये नागपूरचा एक प्रकाशक चालून आला होता. पुस्तक छापतो म्हणाला, गमतीदार आहे म्हणाला, फक्त तो नोकर शेवटी वाचवा आणि त्याला काहीतरी नाव द्या, आजकाल असं चालत नाही. सरांनी गठ्ठा उचलला, दुपट्ट्यात बांधला आणि परत आले. मला वाटलं, काकू ऐकून चिडतील. काकू एवढंच बोलल्या, "त्या परक्या माणसानं सांगून ऐकलं असतं तं मले जास्त लागलं असतं."

जर्मनीला गेलेली माझी ती मैत्रीण मागच्या वर्षी सुट्टीत त्या गिरणीगावाला गेली. सरांनीच तिला सांगितलं होतं, लेखकाची कबर बघून ये, फोनवर दाखव. रविवारी आम्ही नाचणगावला सरांच्या घरी मोबाइल धरून बसलो. मैत्रीण कबरस्तानभर फिरली आणि मग एका माणसाला विचारलं. तिकडे कबरीची जागा भाड्याची असते म्हणे. घरचं कोणी उरलं नाही, भाडं थकलं, की दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. म्हातारी जाऊन किती तरी वर्षं झाली होती, तिच्यामागे कोणी नव्हतं. लेखकाच्या जागेवर कुठल्यातरी बाईचं नाव होतं, ताजी फुलं होती. सर म्हणाले, "तिथेच धर जरा." त्यांनी हॅट काढली आणि त्या परक्या बाईच्या फुलांकडे फोन बंद होईपर्यंत बघत राहिले. नंतर मी जायला निघाले तर दारापर्यंत आले. म्हणाले, "म्हणजे आता फक्त आमच्या कपाटात आहे तो."

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी रोज असे रुग्ण बघते, काय परत येतं आणि काय येत नाही ते मला ठाऊक आहे, पण सरांच्या बाबतीत ते ज्ञान मला नको होतं. जर्मन तर पुसलीच गेली. मी मुद्दाम त्यांच्या आवडीची वाक्यं म्हणून बघितली, मगर, दोर, घोडा. हॅटकडे बसमधले लोक बघायचे तसे ते माझ्याकडे बघायचे. मराठी दहा-बारा शब्दांपुरती राहिली, तीही घरची. पाणी. नाई. दुखते. आयुष्यभर जो माणूस शब्दाला शब्द ठेवत आला त्याच्याकडे ठेवायला शब्दच उरले नाहीत. हे बघून मला घरी जाताना बसमध्ये रडू यायचं.

सुट्टीच्या दिवशी मी नाचणगावला जायचे. त्यांचा हात हलवून द्यायचे, मानेला उशी लावायचे आणि त्यांनीच केलेलं मराठी त्यांना वाचून दाखवायचे. सर डोळे मिटून ऐकायचे. काकू नेहमीसारख्या आत असायच्या. असं करत करत हिंगणघाटचं शेवटचं प्रकरण आलं. मी म्हटलं, सोडून देऊ का? त्यांनी डाव्या हाताने खूण केली, वाच.

दुपारची वेळ होती. मी वाचत गेले. पूर आला, दोर आला. कोरी जागा आली की मीही सरांसारखी थांबत होते. नोकर पाण्यात उतरला. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो बंद झाला. मगर आली. मी पुढचं वाक्य वाचणार तेवढ्यात सरांचा डावा हात माझ्या कागदावर पडला.

"नाई," सर म्हणाले.

मला वाटलं पाणी हवंय. मी पेला घ्यायला वळले. "नाई," ते परत म्हणाले. वाकडं झालेलं तोंड जुळवत, घाम येईपर्यंत खटपट करून त्यांनी दोन शब्द काढले. "नाई मेला."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पिठाचे हात तसेच. त्यांनी विचारलं, "मंग कुठी गेला?"

सरांनी त्यांच्याकडे मान वळवली. "घरी."

"कुठी घर त्याचं?"

"नाचणगाव."

काकू आत आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पुस्तकाजवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. "बायको होती त्याची?"

"होती."

"वाट पाहून राह्यली होती?"

सरांनी मान हलवली.

"नाव काय त्याचं?"

सरांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण नाव काही आलं नाही. कपाळावरची शीर फुगली, डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. "राहू द्या नाव," त्या म्हणाल्या. "जेवला का, तेवढं सांगा."

"जेवला," सर म्हणाले.

ते पुढे फार दिवस राहिले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माणसं भरपूर आली, कडुनिंबाखाली बसणारी जुनी माणसंही आली. भन्तेजींचं झालं, जेवणं झाली. मी निघताना काकूंनी कपाटातून दुपट्ट्यात बांधलेला गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हे छापून घेजो. आणि त्याले घरी पोचवजो."

मी म्हटलं, "काकू, सरांनी शब्द दिला होता. एकही शब्द बदलणार नाही म्हणून."

"त्यायनं देल्ला होता," काकू म्हणाल्या. "मी कुठी देल्ला? अन् तू कुठी देल्ला?"

आता ड्युटीवरून आले की मी ते शेवटचं प्रकरण लिहायला बसते. सरांनी केलेलं सगळं जसंच्या तसं ठेवलंय, अजगर, सोन्याचे कळस, कोऱ्या जागा, सगळं. मगर येते तिथपर्यंत त्यांचं आहे. त्यापुढे मला त्या माणसाला पाण्यातून काढून नाचणगावला न्यायचं आहे, आणि ती वाट मला पाठ आहे. हिंगणघाटहून निघालं की कपाशीची वावरं लागतात, मग बाभळी, मग देवळीकडचा रस्ता. वाटेत धबधबा नाही. दोन दिवस चालत राहिलं तर माणूस घरी पोचतो.